बहिणींच्या सह्या

ओझरमध्ये घरातला कर्ता माणूस गेला, की तेराव्यापर्यंत जमिनीचा विषय कुणी काढत नाही. तेराव्याची पंगत उठली की काढतात. लेकी अजून माहेरीच असतात, पुन्हा सगळ्या एकत्र कधी सापडतील सांगता येत नाही, आणि द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली असते. घाई खोटी नसते. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं तर सातबाऱ्यावर वारस लागलेले हवेत. पीकविमा, ठिबकचं अनुदान, वीजजोड, प्रत्येक ठिकाणी उतारा मागतात. मग घरातला एखादा चुलता विषय अलगद मांडतो : ताई, पोरांना हेलपाटे नकोत, तेवढ्या सह्या करून जा. ताई सही करते. कुणी तिला दमदाटी केलेली नसते, कुणी फसवलेलंही नसतं. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

मुलांचा आईबापाच्या मालमत्तेतला हक्क हा विषय आपल्याकडे कोर्टाच्या निकालांतून चर्चिला जातो. अमक्या साली अमुक निकाल लागला, मुलींना समान वाटा मिळाला, बातमी छापून येते, विषय संपतो. माझं म्हणणं असं, की या हक्काचा खरा निकाल वरच्या सहीत लागतो. ज्या कायद्याने मुलीला जन्मापासून वाटेकरी केलं, त्यानेच तो वाटा तिच्या सर्वांत हळव्या पंधरवड्यात सोडून देण्याचं दार सताड उघडं ठेवलं. त्या दारावर साधी कडी घालायचंही कुणाला सुचलेलं नाही.

हे ओझर निफाड तालुक्यातलं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, बाणगंगेकाठचं. अष्टविनायकातलं ओझर जुन्नरकडचं. गाडी लावून इथे गणपती शोधणारे अजूनही भेटतात. इथली ओळख द्राक्षाची आणि विमानांची. १९६४ साली मिग विमानांचा कारखाना इथे आला. त्याच्या थोडं आधी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते आणि नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले होते. तेव्हापासून गावाच्या नावामागे 'मिग' लागलं ते लागलंच. त्यामुळे इथल्या एकाच घरात दोन-तीन प्रकारची मालमत्ता नांदताना दिसते : आजोबांपासून चालत आलेली बागायत, नोकरीच्या पगारातून आणि फंडातून घेतलेला प्लॉट किंवा बंगला, आणि रस्त्यालगतचा एखादा तुकडा, ज्याचा भाव शेतीशी कधीच फारकत घेऊन बसला आहे. हिंदू वारसा कायदा या तिन्हींना एकाच मापाने मोजत नाही. घरातल्या माणसांना मात्र माप एकच माहीत असतं : बापाचं ते पोरांचं, आणि पोरं म्हणजे मुलगे.

स्वकष्टार्जित मालमत्तेचं गणित खरं तर सोपं आहे. बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या कमाईच्या घरावर मुलाचा हक्क नाही, मुलीचाही नाही. त्याने मृत्युपत्र केलं तर त्यात लिहिलेल्याला मिळेल. केलं नाही तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस सारख्या हिश्श्याने घेतील : विधवा, मुलगे, मुली, आणि मृताची आई. ही शेवटची वारस बहुतेक घरांत विसरली जाते. आजी ओसरीवर बसलेली असते, तिला हिस्सा असतो, आणि वारसाच्या अर्जात तिचं नावच नसतं. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या वाट्याला तिची लेकरं उभी राहतात. आईच्या स्वतःच्या मालमत्तेतही मुलगा, मुलगी आणि नवरा सारखेच. हिश्श्यात कुठेही लग्न झालेली-न झालेली असा फरक नाही आणि १९५६ पासून कधीच नव्हता. म्हणजे नोकरीतून बांधलेल्या बंगल्यात लेकीला वाटा देण्यासाठी २००५ च्या दुरुस्तीची किंवा २०२० च्या निकालाची वाट बघायची काही गरज नव्हती. तो पहिल्या दिवसापासून होता. तरीही तोच जास्त बुडाला, कारण सगळा गाजावाजा 'वडिलोपार्जित' या शब्दाभोवती झाला.

या शब्दाने मुलग्यांनाही चकवलं आहे. 'आजोबांची जमीन आहे, मला जन्मानं हक्क आहे, बाप विकूच शकत नाही,' असं म्हणणारा नातू प्रत्येक पारावर एक तरी असतो. पण आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन १९५६ नंतर बापाला कलम ८ ने मिळाली असेल तर ती बापाची वैयक्तिक मालमत्ता ठरते, नातवाचा त्यात जन्मसिद्ध वाटा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ साली सांगितलं, १९८७ साली पुन्हा सांगितलं आणि २०१६ मध्ये परत एकदा. तरी नातू दावे लावतच असतात. दुसरा चकवा नॉमिनीचा. फॉर्मवर थोरल्याचं नाव आहे म्हणून पैसे थोरल्याचे, असं समजून भावंडं गप्प बसतात. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलं, की नॉमिनी म्हणजे कंपनीने ज्याच्या हाती ऐवज सोपवायचा तो माणूस. मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. बँकेतल्या ठेवीचंही तेच.

खरा गुंता जुन्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आहे. त्याचं मूळ फार मागे जातं, चालुक्यांच्या कल्याणीला विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या मिताक्षरेपर्यंत. मुलगा जन्मला की बापाच्या बरोबरीने वाटेकरी, हे तिचं सूत्र. १९५६ च्या कायद्याने हे सूत्र मोडलं नाही. आंबेडकरांना ते मोडायचं होतं. हिंदू कोड बिलाच्या त्यांच्या मसुद्यात जन्मसिद्ध सहदायकी काढून टाकण्याची आणि मुलीला मुलाइतका वाटा देण्याची तरतूद होती. बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि पाच वर्षांनी जे मंजूर झालं त्यात तडजोड होती. जन्माचा वाटा मुलग्यांनाच. मुलीला मिळायचा तो बापाच्या वाट्यातला वाटा.

ही तडजोड केवढ्याला पडली ते सांगलीच्या कोर्टात सुरू झालेल्या मगदूम खटल्यात बघायला मिळतं. बाप १९६० साली गेला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. विधवेने वाट्यासाठी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. हिशेब असा : बाप मरण्याच्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं. वाटेकरी चार : बाप, आई, दोन मुलगे. प्रत्येकी पाव. मग बापाचा पाव सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी चोविसावा हिस्सा. चोवीस एकर जमीन धरा. आईला सात एकर, प्रत्येक मुलाला सात एकर, प्रत्येक मुलीला एक एकर. हा निकाल आईच्या बाजूने होता आणि त्या काळाच्या मानाने उदारच होता. न्यायालयाने विधवेला तिचा पूर्ण वाटा मिळवून दिला. पण मुलीचा एक एकर हा न्यायाधीशाचा दोष नव्हता, तो कायद्यातच लिहिलेला होता. आता तेच घर आजच्या कायद्याने मोजा. वाटेकरी सात, प्रत्येकी सातवा हिस्सा, बापाचा सातवा पुन्हा सहा जणांत, आणि शेवटी प्रत्येकाला बरोबर सहावा. चार-चार एकर. एक एकराचे चार एकर व्हायला, १९५६ पासून २००५ पर्यंत, एकोणपन्नास वर्षं लागली.

मधला टप्पा आपला होता. शरद पवार मुख्यमंत्री असताना महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी, २२ जून १९९४ पासून, महाराष्ट्राने मुलीला जन्माने वाटेकरी केलं. केंद्राच्या अकरा वर्षं आधी. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यात एक मेख होती : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरातली थोरली मे महिन्यात उजवली असेल आणि धाकटी डिसेंबरात, तर धाकटी वाटेकरी आणि थोरली पाहुणी. लग्नाच्या मुहूर्तावर जमिनीचा हक्क ठरवणारा कायदा आपण केला आणि त्याला पुरोगामी म्हटलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने, ९ सप्टेंबरपासून, ही अट गेली. तरी पुढची पंधरा वर्षं बाप त्या दिवशी जिवंत होता का, या प्रश्नात गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी सुरक्षित. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली' हा भावांचा आवडता बचावही न्यायालयाने जवळजवळ बंद केला. नोंदणीकृत दस्त दाखवा किंवा कोर्टाचा हुकूमनामा दाखवा. अपवाद ठेवला तो सरकारी कागदांनी निर्विवाद सिद्ध होणाऱ्या वाटणीपुरता.

कायदा इथवर आला, आणि तलाठ्याच्या दप्तरात मात्र वेगळाच कायदा चालत राहिला. जुने उतारे काढून बघावेत. भोगवटादाराच्या रकान्यात थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे भाऊ त्याच्या पोटात. बहिणींची नावं, लावलीच तर, 'इतर हक्क' या रकान्यात, जिथे बँकेचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा लिहितात. इतर हक्कातून नाव कमी करायला फार काही लागत नसे. बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला, एवढ्या एका वाक्याच्या फेरफारावर चार-चार बहिणी उताऱ्यावरून गेल्या आहेत. कायद्याने स्थावराचा हक्क असा तोंडी जबाबाने सुटत नाही, नोंदणी लागते. पण फेरफार मंजूर झाला की तीस वर्षांनी तो कुणाला खोटा वाटतो?

नाव नसण्याचे परिणाम फक्त वाटणीच्या दिवशी दिसतात असं नाही. ओझरला याचं एक उदाहरण आहे, आणि ते गावाच्या अभिमानाच्या गोष्टीतलंच आहे. इथल्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९० नंतर वाघाड धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. शेपटाच्या शेतापर्यंत पाणी गेलं, घनमापाने मोजून पाणी घ्यायची शिस्त आली, राज्यभरातून लोक बघायला आले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. पण अशा संस्थेचा सभासद कोण? ज्याच्या नावावर जमीन तो. बागेत विरळणी, डिपिंग, शेंडा खुडणं बायका करतात, पाण्याची पाळी कधी येते हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि पाणी कसं वाटायचं या बैठकीत त्यांचं मत धरायला उतारा आडवा येतो. पाण्याची लोकशाही इतकी नेटकी बांधली, तरी तिचं जोतं सातबाऱ्यावर होतं आणि सातबारा पुरुषांचा होता.

हक्कसोडीच्या बाजूने जे बोललं जातं ते सगळं टाकाऊ नाही. 'लग्नात दिलं की,' हा त्यातला सर्वांत दुबळा मुद्दा. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे; गुन्ह्यात खर्च केलेली रक्कम वाट्यातून वळती कशी करणार? शिवाय तो पैसा मुलीच्या हाती कधी जात नाही, सासऱ्याच्या हाती जातो. मुलाच्या शिक्षणाचा, गाडीचा, लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वळता करत नाही, हेही आहेच.

तुकड्यांचा मुद्दा जास्त वजनदार आहे. तीन एकर बाग, एक विहीर, एक शेततळं, लोखंडी मांडव. याचे पाच भाग केले तर पाचही जण बुडतील. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे तो उगीच नाही. पण हा मुद्दा दोन भावांच्या वेळी कुठे जातो? चार भावांत बांध घालताना कुणी म्हणत नाही, की तिघांनी सह्या देऊन एकाला सोडावं, बाग मोडेल. तुकडे होण्याची भीती बहिणीच्या नावानेच आठवते. आणि वाटा म्हणजे बांधच घातला पाहिजे असंही नाही. जमीन एकाकडे ठेवून इतरांना रक्कम देता येते, ती हप्त्याने देता येते, खंड ठरवता येतो, सामाईक नाव ठेवून उत्पन्नाचा हिस्सा देता येतो. भावाभावांत हे व्यवहार सर्रास होतात. बहिणीशी व्यवहार करायचा म्हटलं की मात्र व्यवहार हा शब्दच अपमानाचा होतो.

भाऊ आईबापाला सांभाळतो, मुलगी सासरी जाते, हा तिसरा मुद्दा. तो कालपर्यंत बराचसा खरा होता. पण कायद्याची गंमत बघा. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका डॉक्टर लेकीच्या खटल्यात ठरवलं, की लग्न झालेल्या मुलीवरही बापाला पोसण्याची जबाबदारी आहे. जबाबदारी १९८७ ला आली. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला वाटा महाराष्ट्रात १९९४ ला, तोही लग्न झालेल्या लेकीला सोडून. डॉक्टर लेकीचा तो खटला विजया अरबट खटला म्हणून ओळखला जातो. मुलींच्या वाट्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. ओझरच्या टाउनशिपच्या आसपास तर पेन्शनवर राहणारे, मुलगा पुण्यात किंवा परदेशात आणि दवाखान्याला नेणारी लेक नाशिकमध्ये, अशी घरं शोधावी लागत नाहीत. जो सांभाळेल त्याला जास्त, हा नियम मला मान्य आहे. मग तो सांभाळणाऱ्या लेकीलाही लावा.

राहिला तो खरा मुद्दा, ज्याला उत्तर द्यायला मी कचरतो : माहेर तुटतं. वाटा मागितला की भाऊबीज बंद, आखाजीला बोलावणं बंद, नवऱ्याने हात उगारला तर रात्री जायला दार बंद. बाई सही देते ती बावळट म्हणून नाही. ती हिशेब करूनच देते. दोन एकराच्या बदल्यात ती एक विमा घेते, आणि त्या विम्याचा हप्ता एकरकमी भरते. तिच्या जागी बसून पाहिलं तर हा व्यवहार चुकीचा म्हणता येत नाही. चूक आहे ती असा व्यवहार करायला लावणाऱ्या मांडणीत, जिथे तिचा एक हक्क दुसऱ्या आधाराच्या बदल्यात गहाण पडतो. भावाला असा सौदा कधी करावा लागत नाही. त्याला जमीन आणि घर दोन्ही एकदमच मिळतं. आणि तिकडे सासरी तरी तिचं नाव कुठे असतं? जो जावई बायकोला 'तुझा वाटा माग' म्हणून टोचतो, तोच स्वतःच्या बहिणींच्या सह्या घेऊन मोकळा झालेला असतो. असे जावई भावांना हक्कसोडीसाठी चांगलं निमित्त पुरवतात.

याच आग्रा रस्त्याने पुढे गेलं की चांदवड लागतं. तिथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखोंच्या संख्येने बायका आल्या. पुढे त्यातूनच लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन निघालं : नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर घरं असं करतील त्या गावाला लक्ष्मीमुक्त म्हणायचं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी बायकांना जमीन देण्याचा इतका मोठा प्रयत्न आधी केला नव्हता, नंतरही केलेला नाही. मला त्याबद्दल आदर आहे. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या आंदोलनाने बायकोला जमीन दिली, लेकीला नाही. कारण उघड आहे : बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते. बाईला हक्क द्यायला शेतकरी तयार होता, जमीन शिवेबाहेर जायला नव्हता. लेकीचा प्रश्न म्हणूनच बायकोच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि चळवळींनी तो कोर्टावर सोपवून दिला.

कोर्टाकडे न जाता तो बापाला सोडवता आला असता. पण मृत्युपत्र करायचं म्हणजे मरण ओढवून घ्यायचं, असा आपला समज. जे करतात त्यातले पुष्कळसे मुलींना वगळण्यासाठीच करतात. २००५ नंतर तर ती एक पळवाटच झाली. कलम ३० प्रमाणे माणसाला स्वतःची सगळी मालमत्ता, आणि एकत्र कुटुंबातला आपला वाटाही, वाटेल त्याला देता येतो. मुलीचा स्वतःचा जन्माचा हिस्सा त्याला काढून घेता येत नाही, पण बंगला, प्लॉट, ठेवी मुलाच्या नावे लिहून देता येतात. इथे मला गोव्याचं वाकडं-तिकडं पण शहाणं उदाहरण आठवतं. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, मुलगा-मुलगी भेद न करता. मृत्युपत्र करायचं तर उरलेल्या अर्ध्याचं. बापाला लेकीला पूर्ण डावलताच येत नाही. मात्र तिथेही नोटरीपुढे हक्क सोडून देणाऱ्या बहिणी आहेतच. म्हणजे दोन्ही बाजू बंद कराव्या लागतात : बापाची लेखणी आणि भावाची घाई. केरळने १९७५ चा कायदा करून एकत्र कुटुंबाची जन्मसिद्ध सहदायकीच मोडून टाकली. आंबेडकरांना हवं होतं ते तिथे झालं. आपण मात्र मिताक्षरेच्या चौकटीत मुलीला बसवून घेतलं आणि चौकट तशीच ठेवली. जन्मसिद्ध सहदायकी संपवावी आणि राखीव हिस्सा आणावा, असं माझं मत आहे. ते लवकर होईल अशी आशा नाही.

आणि ओझरच्या हद्दीला लागून दिंडोरी तालुका सुरू होतो, तिथल्या आदिवासी घरांना हा सगळा लेखच लागू पडत नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना वगळतं. कोकणा किंवा महादेव कोळी घरातली मुलगी आणि निफाडच्या मराठा घरातली मुलगी एकाच द्राक्षबागेत शेजारी-शेजारी मजुरी करत असतात. एकीचा हक्क रूढीवर टांगलेला, दुसरीला जन्माने वाटा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यात बदल करण्याचा विचार करायला सांगितलं. २०२५ मध्ये एका गोंड घराच्या खटल्यात न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर वाटा दिला, पण तो त्या घरापुरता. संसद अजून हललेली नाही.

तोवर राज्याला करता येण्याजोगं एक काम आहे आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. बाप वारल्यापासून वर्षभर कुणाही वारसाचं हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये. वारसनोंद सर्वांची, भोगवटादाराच्याच रकान्यात, लगेच करावी. वर्षानंतर सोडायचंच असेल तर दस्तात वाट्याचं बाजारमूल्य लिहिलेलं असावं, मोबदला घेतला की नाही ते लिहिलेलं असावं, आणि निबंधकाने त्या बाईला भाऊ आणि नवरा दोघांनाही बाहेर बसवून विचारावं. कर्जासाठी अडत असेल तर बहिणींनी भावाला एका हंगामापुरतं कुलमुखत्यारपत्र द्यावं आणि बँकांनी ते स्वीकारावं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे : सज्ञान बाईला आपल्या मालमत्तेचं काय करायचं ते कळत नाही असं सरकारने का समजावं? समजू नये. म्हणून हा नियम मुलग्यांनाही लावावा. धाकट्या भावाच्या सह्याही याच पंधरवड्यात घेतल्या जातात. आणि सरकार अशा अटी घालत नाही असं थोडंच आहे? तुकडा विकायला अट, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. जिथे एक बाजू दुबळी असते तिथे कायदा थांबायला सांगतो. हक्कसोडीत उलट आहे. मुद्रांक नाममात्र, कागद अर्ध्या तासात तयार. आणि बाईला भांडायचंच असेल तर मालमत्तेच्या वादात महाराष्ट्राने १९९४ पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. म्हणजे सोडायचं तर स्वस्त आणि भांडायचं तर फुकट. बसून, भाव लावून, हप्ते ठरवून भावाशी सौदा करायचा असेल तर त्यासाठी निफाडच्या तहसिलीत ना टेबल आहे ना अर्जाचा नमुना.